कोचिंगमध्ये समोरचा माणूस स्वतःला वाचवू लागतो तेव्हा: नव्या कोचसाठी

कोचिंगचा, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला त्याच्या कामातला मार्ग त्याचा त्यालाच सापडू देण्याचा, कोर्स झालाय, सर्टिफिकेट हातात आहे, पहिले काही क्लायंट मिळालेत. प्रश्न कसे विचारायचे, ध्येय कसं ठरवून घ्यायचं हे शिकून झालंय. तरीही काही माणसं अशी भेटतात की तासभर छान बोलतात, आभार मानतात, पुढची तारीख घेतात आणि महिने गेले तरी काही हलत नाही. दर वेळी चूक मॅनेजरचीच असते. नाहीतर सगळं 'ओके'च असतं. तुम्ही मनातलं विचारलं की ते नेतृत्वाची थिअरी सांगू लागतात. अशा वेळी नवा कोच दोनपैकी एक करतो: आणखी जोर लावतो, किंवा 'हा माणूस कोचेबल नाही' असं ठरवून मोकळा होतो. दोन्हींत नुकसान क्लायंटचं होतं.

मी पुण्यात कोचिंग करते. माझे बहुतेक क्लायंट कारखान्यांतले आणि आयटी कंपन्यांतले मधल्या फळीतले व्यवस्थापक आहेत, म्हणून खालची उदाहरणं तिकडचीच. कुठलंही उदाहरण एका माणसाचं नाही. अनेकांचे तपशील मिसळून ते तयार केलंय.

माझं मत आधीच सांगते. बचाव, म्हणजे नको ती जाणीव टाळायला मन नकळत जे करतं ते, दिसला म्हणून तो मोडायला जायचं नाही. तो कशाला राखतोय ते बघायचं. आणि त्याहीआधी हे तपासायचं, की त्याला स्वतःला राखावं लागेल अशी परिस्थिती आपणच तर तयार केलेली नाही ना.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- क्लायंटबरोबरचा लेखी करार. त्यात गोपनीयता आणि तिच्या मर्यादा साध्या भाषेत लिहिलेल्या हव्यात.
- पैसे कंपनी भरत असेल तर कंपनी, क्लायंट आणि तुम्ही असा तिघांचा करार.
- सेशन रेकॉर्ड करणार असाल तर त्यासाठी वेगळी लेखी संमती. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो, आणि कायदा नसता तरी हे करायलाच हवं.
- आपल्या शहरातल्या दोन-तीन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाची नावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे ना ते बघून घ्या.
- 'टेलि-मानस'चा नंबर, १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येतं.
- सुपरव्हिजनसाठी, म्हणजे आपल्या कामाबद्दल आणि त्यात आपल्याला काय होतं त्याबद्दल बोलायला, एक अनुभवी माणूस.
- एक साधी वही. तिचं काम पुढे सांगते.

१. मूळ कल्पना नीट समजून घ्या

मनाच्या 'बचावा'बद्दल सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली लिहिलं. त्यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली त्याची पद्धतशीर मांडणी केली आणि दहा यंत्रणा सांगितल्या. दमन, प्रक्षेपण, परागमन, प्रतिक्रिया-निर्मिती वगैरे नावं मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वाचलेली असतील. पेलवणार नाही अशी भावना किंवा जाणीव समोर आली की मन ती आपोआप बाजूला सारतं, तिचं रूप बदलतं किंवा ती दुसऱ्याच्या माथी मारते, हे या सगळ्यांमागचं सूत्र. 'आपोआप' या शब्दाकडे लक्ष द्या. माणूस मुद्दाम खोटं बोलत असेल तर ती बचाव यंत्रणा नव्हे. जो स्वतःला वाचवतोय त्याला आपण वाचवतोय याचा पत्ता नसतो.

आपल्या कामाला जास्त उपयोगी पडते ती जॉर्ज व्हॅलंट या मानसोपचारतज्ज्ञांची मांडणी. हार्वर्डमध्ये १९३८ला सुरू झालेल्या अभ्यासात २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा पुढची अनेक दशकं मागोवा घेतला गेला. त्या नोंदींवर काम करून व्हॅलंट यांनी १९७७मध्ये बचावांची उतरंड मांडली. सगळ्यात खाली वास्तवाशी नातं तोडणारे, मग अपरिपक्व, त्यावर मधले आणि सगळ्यात वर परिपक्व. विनोद, उदात्तीकरण (आतली नकोशी ऊर्मी चांगल्या कामाकडे वळवणं), येणाऱ्या अडचणीची आधीच मनाशी तयारी करणं, त्रास देणारा विचार जाणूनबुजून थोडा वेळ बाजूला ठेवणं, दुसऱ्यांसाठी काही करणं, हे परिपक्व बचाव.

यातून नव्या कोचने घ्यायचं ते इतकंच, की बचाव सगळ्यांनाच लागतात. तुमच्या क्लायंटने ऐन अप्रेझलच्या आठवड्यात घरचं दुखणं बाजूला ठेवून काम निभावलं असेल तर ते त्याचं बळ आहे. ते उकरायला जाऊ नका.

२. करार आधी, निदान नंतर

हा टप्पा लोक सगळ्यात घाईत उरकतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

आपल्याकडे कंपनीतर्फे येणारा क्लायंट बऱ्याचदा स्वतः आलेला नसतो, पाठवलेला असतो. एचआरने सांगितलेलं असतं, 'तुझ्यासाठी कंपनी कोच देतेय, ही मोठी संधी आहे.' तो ऐकतो ते असं: 'माझ्यात काहीतरी खोट आहे, आणि आता बाहेरचा माणूस येऊन ती शोधणार.' तुम्ही त्याच्यासमोर बसता तेव्हा त्याला माहीत नसतं की त्याचं बोलणं एचआरपर्यंत किती जाणार. त्याच्या व्हीपीबरोबर तुमचं आधी काय बोलणं झालंय, हेही त्याला ठाऊक नसतं. अशा वेळी तो जपून बोलला तर तो शहाणपणा आहे. त्याला बचाव यंत्रणेचं नाव देऊन वहीत लिहिणं हा अन्याय होईल.

म्हणून पहिल्या भेटीआधी तिघांची बैठक घ्या: क्लायंट, त्याचा वरिष्ठ किंवा एचआर, आणि तुम्ही. बैठकीत या गोष्टी क्लायंटच्या समोर, मोठ्याने ठरू द्या:

कंपनीला काय कळणार? सेशन किती झाली, ठरलेल्या विषयांवर काम सुरू आहे की नाही, एवढंच. सेशनमध्ये काय बोललं गेलं ते कळणार नाही.

प्रगतीबद्दल कंपनीला कोण सांगणार? शक्यतो क्लायंटने स्वतः, तुम्ही हजर असताना.

गोपनीयता कधी मोडावी लागेल? स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, किंवा कायद्याने भाग पडेल तेव्हा.

कोचिंगचा निकाल बढतीशी किंवा नोकरीशी बांधलेला आहे का? या प्रश्नाचं उत्तर बरेचदा टाळलं जातं. तुम्ही टाळू देऊ नका. उत्तर 'हो' असेल तर ते क्लायंटला त्या खोलीतच कळलं पाहिजे. आणि अशा परिस्थितीत काम घ्यायचं की नाही, हे तुम्हीही त्याच वेळी ठरवा.

१९९५ला स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या आचारसंहितेतही क्लायंट आणि पैसे देणारी संस्था या दोघांबाबतच्या जबाबदाऱ्या आणि गोपनीयता आधी स्पष्ट करा असं सांगितलेलं आहे. तुम्ही तिचे सदस्य नसलात तरी ती एकदा वाचून काढा.

सावध राहा: बैठक संपल्यावर एचआरचा 'जरा ऑफ द रेकॉर्ड' फोन येतो. 'कसा वाटतोय? बदलेल ना?' तिथे उत्तर दिलंत की करार संपला. 'याचं उत्तर आपण तिघांच्या बैठकीतच बोलू' हे वाक्य तोंडपाठ ठेवा.

३. नेहमी दिसणारी रूपं ओळखायला शिका

सगळी यादी पाठ करण्याची गरज नाही. कोचिंगमध्ये वारंवार भेटणारी चार-पाच रूपं कानाला ओळखीची झाली तरी पुरे.

बौद्धिकीकरण, म्हणजे भावना टाळून विचारांच्या चर्चेत शिरणं. सुशिक्षित क्लायंटमध्ये सगळ्यात जास्त हेच. 'टीममधला तो मुलगा सोडून गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'ॲट्रिशनची कारणं साधारण तीन प्रकारची असतात.' उत्तर हुशार असतं, कोचलाही त्यात मजा वाटते आणि चर्चा रंगते. चर्चा रंगली तर सावध व्हा. हे रूप ओळखायची एक साधी खूण मला फार उपयोगी पडली आहे: क्लायंट कोणत्या क्षणी भाषा बदलतो ते बघा. मराठीत बोलता बोलता दुखऱ्या जागी आला की अनेक जण इंग्रजीवर जातात. 'आय वॉज डिसअपॉइंटेड' म्हणणं सोपं जातं, 'मला फार वाईट वाटलं' म्हणताना आवाज बदलतो. त्याला टोकू नका. तुमचा पुढचा प्रश्न तुम्ही मराठीत विचारा आणि थांबा.

समर्थन, म्हणजे झालेल्या गोष्टीला नंतर शोधलेलं कारण. 'मला ते पद नकोच होतं, तिथे राजकारण फार आहे.' राजकारण खरोखर असूही शकतं. म्हणून कारण खोडून काढण्याच्या फंदात पडू नका, वाद तुम्ही जिंकलात तरी हाती काही लागत नाही.

प्रक्षेपण. जी गोष्ट स्वतःत बघवत नाही ती दुसऱ्यात ठळक दिसते. 'आमच्या साहेबांना माझ्यावर विश्वासच नाही' असं दर भेटीत सांगणारा माणूस स्वतःच्या टीमकडून दिवसातून तीनदा अपडेट मागत असतो. हे तुम्हाला दिसेल, त्याला नाही. आणि तुम्ही ते सरळ बोलून दाखवलंत तर पुढच्या भेटीत विश्वास नसलेल्यांच्या यादीत तुमचं नाव जमा होईल.

विस्थापन. वड्याचं तेल वांग्यावर. वरिष्ठाकडून ऐकून घेतलेलं कनिष्ठावर, नाहीतर घरी निघतं.

नकार. 'प्रॉब्लेम काहीच नाही, एचआरला काहीतरी करून दाखवायचं असतं.' नकारावर लगेच पुरावे काढायचा मोह होतो. त्याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर लिहिलंय.

आणि एक रूप आपल्याकडे हमखास सुटतं, कारण ते कोचला सुखावतं: अति-होकार. 'एकदम बरोबर बोललात मॅडम', 'तुमच्यामुळे डोळे उघडले'. दिलेला प्रयोग मात्र दर वेळी राहून जातो. आतला राग किंवा नाराजी उलट्या रूपात बाहेर येण्याला प्रतिक्रिया-निर्मिती म्हणतात. अति-होकारात कधीकधी ती असते. कधी मात्र फक्त वयाचा किंवा पदाचा मान राखलेला असतो. तो फरक पुढच्या पायरीत.

४. हा खरंच बचाव आहे का, ते तपासा

नाव देण्याआधी स्वतःला हे प्रश्न विचारा.

क्लायंट सांगतोय ते खरं असेल तर? काही साहेब खरोखरच त्रास देतात. काही कंपन्यांत माणसं खरोखरच कमी असतात. बाईमाणूस असलेल्या व्यवस्थापकाने 'मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकत नाही' म्हटलं आणि कोचने त्यात तिचं प्रक्षेपण शोधलं, तर कोच त्या त्रासात भर घालतोय. आधी वस्तुस्थिती.

हा रिवाज आहे का? आपल्याकडे मोठ्यांना तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. तुम्ही वयाने मोठे असाल किंवा तुम्हाला साहेबांनी नेमलं असेल, तर 'हो हो, करतो' हे उत्तर शिष्टाचाराचं असू शकतं. तपासायचा मार्ग सोपा आहे: 'नाही' म्हणण्याची सोय करून द्या. 'हा प्रयोग तुम्हाला पटला नसेल तर काय पटलं नाही ते सांगा, आपण दुसरा शोधू.' मान राखणारा माणूस एवढ्या मोकळिकीवर दोन-तीन भेटींत बोलायला लागतो.

माझा प्रश्नच फसला का? 'असं का केलंत?' हा प्रश्न शाळेपासून झाडाझडतीसाठी वापरला गेलाय. 'का' कानावर पडलं की माणूस खुलासा देतो. 'तेव्हा नेमकं काय झालं?' असं विचारून बघा.

वेळ, थकवा, जागा? नाइट शिफ्ट करून आलेला माणूस, काचेच्या केबिनमध्ये, बाहेरून टीम बघतेय. इथे कुणीच मोकळं बोलणार नाही.

या सगळ्यांतून गाळून जे उरतं आणि वेगवेगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा त्याच आकारात दिसतं, त्यालाच बचाव म्हणायचं. एका सेशनवरून निष्कर्ष काढू नका.

५. सेशनमध्ये काय करायचं

इथे न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या विल्यम मिलर यांचं काम कोचला ठाऊक असायला हवं. दारू सोडवण्याच्या क्षेत्रात तेव्हा समजूत अशी होती, की व्यसनी माणूस नकारातच जगतो आणि तो नकार समोरासमोर तोडावा लागतो. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटं चित्र दिसलं: समुपदेशक जितका अंगावर जाई, तितकं त्या क्लायंटचं पुढच्या वर्षातलं पिणं जास्त. मिलर यांनी स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर घडवलेल्या पद्धतीत पुढे 'प्रतिकार' हा शब्दच बाजूला ठेवला आणि त्यात दडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिली, बदल नको याच्या बाजूने माणूस जे बोलतो ते, आणि ते स्वाभाविक आहे. दुसरी, तुमच्यातल्या आणि त्याच्यातल्या नात्यात पडलेली खोच. 'मला वेळ मिळत नाही' ही पहिली. 'तुम्हाला आमचं काम काय कळणार' ही दुसरी. पहिलीत त्याचं ऐकायचं. दुसरीत आधी नातं सावरायचं, विषय नंतर.

आता जवळून बघू. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला प्रॉडक्शन हेड. ऑपरेटर म्हणून लागला आणि वर चढत आला. फीडबॅकमध्ये सगळ्यांनी लिहिलंय की तो ओरडतो. तो म्हणतो:

"मॅडम, तुम्ही शॉप फ्लोअरवर काम केलेलं नाही म्हणून सांगतो. लाइन बंद पडली की मिनिटा-मिनिटाला पैसे जातात. तिथे प्लीज-थँक्यू करत बसलो तर माल निघणार नाही."

यावर 'पण फीडबॅकमध्ये तर सगळ्यांनी हेच लिहिलंय' असं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "कोणी लिहिलंय ते मला माहितीये." मग उरलेला तास त्या 'कोणी'वर जातो.

त्याऐवजी:

"खरंय, मी त्या फ्लोअरवर उभी राहिलेली नाही. लाइन थांबली की सगळं तुमच्यावर येतं, असं ऐकू येतंय मला."

"येतंच. वरून फोन सुरू होतात ना."

"फोन येतो त्या क्षणाला तुमचं काय होतं?"

"काय होणार... खाली जातो आणि सुपरवायझरला झापतो."

इथे तो स्वतःच थांबला. हा थांबा मोलाचा आहे. नवा कोच नेमका इथे उडी मारतो: 'बघा! म्हणजे वरचा राग तुम्ही खाली काढता!' वाक्य बरोबर आहे, आणि तरी ते बोलू नये. जे त्याला नुकतंच दिसू लागलं होतं ते तुम्ही त्याच्या हातातून काढून घेता. गप्प बसा. पाण्याचा ग्लास उचला हवं तर. थोड्या वेळाने तो म्हणाला:

"माझे पहिले साहेब असेच होते. अख्खं डिपार्टमेंट घाबरायचं त्यांना. पण मला घडवलं त्यांनीच."

ज्याची भीती वाटते त्याच्यासारखंच होऊन भीतीवर मात करणं, याला ॲना फ्रॉइड यांनी आक्रमकाशी तादात्म्य म्हटलंय. हे तुम्हाला कळलं, उत्तम. त्याला ते सांगण्याचं काही कारण नाही. त्याच्या दृष्टीने त्या वाक्यात कृतज्ञता आहे, आणि तीही तितकीच खरी. तुम्ही त्याच्या साहेबांना नावं ठेवलीत तर तो त्यांच्या बचावाला उभा राहणार. मी इथे एवढंच विचारेन: "त्यांच्याकडून जे घेतलंत त्यातलं काय तुम्हाला जपायचंय?" या प्रश्नात 'काय सोडायचंय' हे न विचारता आलेलं असतं. उत्तर येतं: "काम माहीत असणं. त्यांना प्रत्येक मशीन माहीत होतं." पुढचा प्रयोग तिथूनच निघतो, त्याच्याच तोंडून: वरून फोन आला की आधी ब्रेकडाउन रजिस्टर बघायचं, मेंटेनन्सशी बोलायचं आणि मग लाइनवर जायचं. फोन आणि झापणं यांच्यामध्ये एक काम आलं. बचाव कुणी तोडला नाही, पण त्याची गरज थोडी कमी झाली.

सेशनमध्ये वापरता येतील अशी आणखी काही वाक्यं:

'हा विषय आला की आपण दोघंही वेग वाढवतो असं मला वाटतंय. जरा सावकाश जाऊया?' ('तुम्ही टाळताय' असं म्हणायचं नाही.)

'हे आज बोलायचं नसेल तर नको. कधी बोलायचं ते तुम्ही ठरवा.'

'मी आत्ता जे म्हणाले त्यात काही चुकलं का?'

आणि काही वाक्यं कायमची वर्ज्य: 'तुम्ही डिनायलमध्ये आहात', 'तुम्ही डिफेन्सिव्ह होताय', 'हे तुमचं प्रोजेक्शन आहे'. बरोबर असलं तरी वर्ज्य. अशा वाक्याला विरोध केला तरी ते सिद्ध होतं आणि मान्य केलं तरी होतं. समोरच्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. ज्या खोलीत वाट नाही तिथे कुणी मोकळं होत नाही.

६. स्वतःच्या बचावांची नोंद ठेवा

वर सांगितलेली वही इथे कामाला येते. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे क्लायंटचं वाक्य, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे ते ऐकताना तुम्हाला काय झालं: कंटाळा, राग, कीव, कौतुक, झोप. सेशन संपल्यावर लगेच दहा मिनिटं द्या. क्लायंटचं नाव लिहू नका, खूण ठेवा.

काही आठवड्यांनी उजवी बाजू वाचलीत की तुमचे बचाव दिसू लागतील. शांतता झाली की सल्ला देणं. क्लायंट रडवेला झाला की लगेच एखादा तक्ता किंवा 'टूल' बाहेर काढणं. एखाद्याला प्रत्येक सेशनला पंधरा मिनिटं जास्त देणं. फी मागायला संकोच वाटणं आणि तो मोठेपणाने झाकणं. यातलं काहीही लाजिरवाणं नाही. कठीण काम करताना मन हेच करतं.

नात्याची हाकही ऐका. क्लायंट तुम्हाला 'ताई' किंवा 'सर' म्हणतो तेव्हा त्याच्या आयुष्यातली आधीची ताई, आधीचे सर तुमच्यात दिसत असण्याची शक्यता असते. सिग्मंड फ्रॉइड यांनी याला संक्रमण (ट्रान्सफरन्स) म्हटलं. कोचिंगमध्ये त्याचा अर्थ लावत बसायचं नाही, ते आपलं क्षेत्र नाही. पण एखादा क्लायंट अकारण घाबरतोय, किंवा अकारण तुम्हाला देव्हाऱ्यात बसवतोय असं वाटलं, तर ते तुमच्या कर्तबगारीमुळे नसेल इतकं भान ठेवा.

हे एकट्याने जमत नाही, म्हणून सुपरव्हिजन. हॅरल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकांनी १९५५मध्ये एक गोष्ट नोंदवली: क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे चाललेलं असतं तेच थेरपिस्ट नकळत आपल्या सुपरव्हायझरसमोर घडवतो. कोचिंगमध्येही हे दिसतं. एरवी मुद्देसूद बोलणारा कोच एखाद्या क्लायंटबद्दल बोलताना गोल गोल फिरत राहतो, आणि सुपरव्हायझरला तीच चीड येते जी कोचला सेशनमध्ये येत असते. तिथून धागा सापडतो. सर्टिफिकेटसाठी करावं लागणारं मेंटॉर कोचिंग वेगळं: तिथे तुमचं कौशल्य तपासतात. सुपरव्हिजनमध्ये तुमच्या मनात काय चाललंय तेही येतं. दोन्ही हवं.

७. कुठे थांबायचं

भारतात कोच म्हणून काम करायला परवाना लागत नाही. म्हणून मर्यादा स्वतःच आखायची जबाबदारी जास्त. कोच बचाव ओळखू शकतो, त्याभोवती जपून काम करू शकतो. तो खणून काढणं, त्यामागच्या जुन्या जखमेवर इलाज करणं हे प्रशिक्षित मनोचिकित्सकाचं काम आहे.

पुढे पाठवायची वेळ आली हे असं ओळखा: झोप, भूक, कामावर जाणं हेच बिघडलंय आणि ते आठवडे चाललंय. लहानपणीचा किंवा अलीकडचा आघात पुन्हा पुन्हा वर येतोय. दारू वाढलीय. वास्तवाशी मेळ न बसणाऱ्या गोष्टी ठामपणे सांगितल्या जातायत. जगण्यात अर्थ नाही असं बोललं जातंय. शेवटच्या बाबतीत 'पुढच्या वेळी बोलू' चालणार नाही: त्याच भेटीत 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा, माणसाला एकटं सोडू नका, त्याच्या जवळच्या माणसाला बोलवा, टेलि-मानसला फोन लावा, आणि धोका लगेचचा असेल तर जवळच्या रुग्णालयात न्या. सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने येत नाही.

एरवी पाठवताना शब्द जपून वापरा. 'तुम्हाला सायकॉलॉजिस्टची गरज आहे' हे अनेकांना 'मी वेडा आहे' असं ऐकू जातं. मी साधारण असं म्हणते: 'तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी माझ्यापेक्षा जास्त शिकलेली माणसं आहेत. दोन नावं देते. कामाच्या विषयावर आपण बरोबर राहू शकतो, ते चालेल की थांबायचं हे त्यांना विचारून ठरवू.' आणि क्लायंट उपचारासाठी जातोय ही गोष्ट कंपनीला कळता कामा नये, तो स्वतः सांगेपर्यंत.

८. शेवटची सेशन्स आणि रिपोर्ट

शेवट जवळ आला की बचाव पुन्हा डोकं वर काढतात. सेशन रद्द होतात, नवीनच मोठा प्रश्न उपटतो, किंवा सगळं अचानक छान होतं. म्हणून शेवटच्या दोन सेशनआधीच विषय काढा: 'आपल्या आता दोन भेटी उरल्यात. संपताना काय वाटतंय?' उत्तर 'काही नाही' आलं तरी चालेल. विचारून ठेवलेलं असू द्या.

कंपनीला जाणारा रिपोर्ट एका पानाचा ठेवा. त्यात करारात ठरलेले विषय, झालेल्या भेटी आणि क्लायंटने स्वतः सांगायला हरकत नाही म्हटलेले बदल, एवढंच असावं. 'फीडबॅक स्वीकारत नाही', 'बचावात्मक वृत्ती' असे शेरे एचआरच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि पुढच्या अप्रेझलला कुणीतरी ते वाचतं. मसुदा आधी क्लायंटला दाखवा, त्याच्या समोर दुरुस्त करा आणि त्याने 'पाठवा' म्हटल्यावरच पाठवा. मूळ नोंदींची वही कंपनीला द्यायची नाही, मागितली तरी. ती कधी नष्ट करणार याची तारीख करारातच घालून ठेवा.